धनुर्वेदातील मुष्टिविचार आणि एकलव्याचा अंगठा

पन्हाळगड हे कवी मोरोपंतांचे जन्मस्थान. १७२९ मध्ये त्यांचा जन्म येथे झाला, आणि पुढे बारामतीस जाण्यापूर्वीचे त्यांचे विद्याध्ययनही याच गडावर झाले. या नात्याने पदव्युत्तर वर्गातील काही विद्यार्थ्यांसह आम्ही एकदा गडावर बसून आर्याभारताच्या निमित्ताने मूळ महाभारताचे आदिपर्व उघडले होते. वाचन एकलव्याच्या कथेपर्यंत आले तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, उजव्या हाताचा अंगठा गेल्याने धनुर्विद्या जावी कशी? बाण तर बोटांनी ओढतात. अंगठा लागतो तो धनुष्य धरण्यासाठी, आणि तो डाव्या हाताचा.” प्रश्न भाबडा वाटण्यासारखा असला तरी तो तसा नव्हता. वर्गातील कोणासही, प्रस्तुत लेखकासही, त्याचे नेमके उत्तर तत्काळ देता आले नाही. पुढील विवेचन त्या न दिलेल्या उत्तरातून निघालेले आहे.

प्रथम शब्दाचा विचार करणे अवश्य आहे, कारण घोटाळ्याचे मूळ शब्दातच आहे. मराठीत ‘मूठ’ म्हणजे मिटलेला हात, तशीच वस्तूची धरावयाची जागाही. तलवारीची मूठ, नांगराची मूठ, छत्रीची मूठ असे आपण सहज म्हणतो. त्यामुळे वासिष्ठ धनुर्वेदसंहितेत पाच ‘मुष्टीं’ची लक्षणे दिसताच मराठी वाचक ती धनुष्याच्या मुठीची, म्हणजे डाव्या हातातील पकडीची, लक्षणे समजतो. वस्तुतः त्या ग्रंथातील हे प्रकरण गुणमुष्टीचे आहे. गुण म्हणजे धनुष्याची दोरी. दोरी ओढणाऱ्या उजव्या हाताची बोटे कशी जुळवावी हा तेथील विषय होय. धनुष्याच्या दांड्याचा मध्य, जेथे डावा हात बसतो, त्यास अमरकोशात ‘लस्तक’ असे स्वतंत्र नाव आहे. हा शब्द मराठीत उतरला नाही. तो उतरला असता तर कदाचित हा गोंधळ झाला नसता.

आता त्या पाच मुष्टी पाहू. तर्जनी लांब ठेवून ती अंगठ्याच्या मुळाशी टेकविली म्हणजे पताका होते. नालिकेसाठी आणि दूर बाण टाकण्यासाठी ती सांगितली आहे. तर्जनी व मध्यमा यांच्या मध्ये अंगठा शिरला की वज्रमुष्टी. ती जाड बाणांना व लोखंडी नाराचाला उपयोगी. अंगठ्याच्या मध्यभागावर तर्जनीचे टोक बसविले म्हणजे सिंहकर्णी, दृढ लक्ष्याच्या वेधासाठी. तेच टोक अंगठ्याच्या नखाच्या मुळाशी आले तर मत्सरी, चित्रलक्ष्यासाठी. आणि अंगठ्याच्या अग्राशी तर्जनीचे मुख जुळले तर काकतुंडी, सूक्ष्म लक्ष्यासाठी.

ही लक्षणे वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. पाचही ठिकाणी अंगठा आहे, पाचही ठिकाणी तर्जनी आहे, आणि अनामिकेचा उल्लेखसुद्धा नाही. मध्यमा केवळ वज्रमुष्टीत येते, तीही अंगठ्याला वाट करून देण्यापुरती. म्हणजे ग्रंथकाराच्या मनात दोरी ओढणारे बोट कोणते याविषयी विकल्पच नाही. दोरी अंगठाच ओढतो. तर्जनीने त्यावर कडी कोठे घालावी एवढाच वादाचा प्रश्न. कडी मुळाशी, मध्यावर, नखाजवळ की अग्रावर, या क्रमाने मुष्टीची नावे व कामे बदलतात. मुळाशी पकड घट्ट व सुटका जड. अग्राकडे जावे तसतशी पकड हलकी व सुटका नाजूक. दूर पल्ल्यापासून सूक्ष्म लक्ष्यापर्यंतचा उपयोगांचा क्रम याच्याशी बराचसा जुळतो. वज्रमुष्टी तेवढी या माळेत नीट बसत नाही, हे मान्य केले पाहिजे.

एडवर्ड मोर्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये बाण सोडण्याच्या जगभरच्या पद्धतींवर एक निबंध लिहिला. तो मूळचा प्राणिशास्त्रज्ञ; जपानात राहिल्याने तेथील धनुर्विद्येकडे त्याचे लक्ष गेले. त्याने पाच मुख्य प्रकार ठरविले. पहिल्या तिहींत बाणाचे बूड अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत धरतात, आणि क्रमाक्रमाने इतर बोटे दोरीच्या मदतीला येतात. चौथा भूमध्यसागरी, ज्यात दोन किंवा तीन बोटांच्या पेरांनी दोरी ओढतात आणि अंगठा रिकामा राहतो. पाचवा मंगोल, ज्यात अंगठा दोरीभोवती वाकतो व तर्जनी त्यावर बसते. आजच्या ऑलिंपिक स्पर्धांत जो प्रकार दिसतो तो चौथा. आमच्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर तोच होता. (२०२३ मध्ये बर्लिन येथे साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे ज्या संयुक्त धनुष्याच्या प्रकारात जगज्जेते झाले, त्यात तर दोरीला बोट लागतच नाही, यांत्रिक कळ लागते, तेव्हा आजच्या खेळावरून जुन्या ग्रंथाचा अर्थ लावणे दुप्पट धोक्याचे.)

मोर्सच्या वर्गीकरणाचा उपयोग मोठा आहे, परंतु त्याला धनुर्वेदाच्या कसोटीवर घासून पाहिले पाहिजे, उलट नव्हे. मोर्सचा पाचवा प्रकार ही त्याच्या दृष्टीने एक जात आहे. आपल्या ग्रंथकाराला त्या एका जातीत निदान चार पोटजाती दिसतात. बाहेरून पाहणाऱ्यास जे एक वाटते ते आतल्या माणसास अनेक वाटते, हा अनुभव भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना नवा नाही. काकतुंडीबद्दल मात्र आमचा निराळा तर्क आहे. कावळ्याची चोच म्हणजे दोन अग्रांचे मिळणे. अंगठ्याचे अग्र आणि तर्जनीचे मुख जेथे समोरासमोर मिळतात तेथे दोरीला कडी बसत नाही, चिमटी बसते. तसे असेल तर काकतुंडी ही मोर्सच्या पहिल्या प्रकाराच्या जवळची ठरते. चिमटीने भारी धनुष्य ओढता येत नाही. तिचा विनियोग सूक्ष्म लक्ष्यापुरताच सांगितला आहे, हे या तर्कास अनुकूल आहे. अर्थात तर्क तो तर्कच. शार्ङ्गधरपद्धतीतही, जिची रचना सुमारे १३६३ ची आणि मुंबईत पीटरसनने काढलेली आवृत्ती १८८८ ची, धनुर्वेदाचे प्रकरण याच धर्तीचे आहे. पण तेथेही शब्द इतके आटोपशीर आहेत की हातात दोरी घेतल्यावाचून त्यांचा निवाडा होणे कठीण.

आता एकलव्याकडे वळू. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती सुखठणकरांनी १९३३ मध्ये पूर्ण केली. त्या पाठात ही कथा थोडक्यात आहे, आणि लोकांच्या स्मरणातील कथेहून ती एका बाबतीत फार वेगळी आहे. अंगठा दिल्यानंतर एकलव्याची धनुर्विद्या संपली असे व्यास म्हणत नाहीत. त्यानंतर निषादपुत्र बोटांनी ओढू लागला, परंतु पूर्वीसारखा शीघ्र राहिला नाही, असे ते स्पष्ट सांगतात. शालेय पुस्तकांतून आणि कीर्तनांतून हे वाक्य गळून जाते; ते गळाले की अंगठा हे केवळ त्यागाचे प्रतीक उरते आणि कथा भावुक होते.

मुष्टिविचार ध्यानी घेऊन हे वाक्य वाचले म्हणजे त्याचा नेमकेपणा जाणवतो. व्यासांच्या श्रोत्यांना अंगठ्याची ओढ ही एकमेव प्रतिष्ठित ओढ म्हणून ठाऊक होती. म्हणूनच अंगठा मागणे म्हणजे काय मागणे हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही. सांगावे लागले ते एवढेच की अंगठा गेल्यावरही एक ओढ शिल्लक असते, बोटांची. पण ती दुय्यम. अंगठ्याच्या ओढीत बाण धनुष्याच्या उजव्या अंगास, डाव्या अंगठ्यावर, टेकतो. उजवा हात भात्यातून बाण काढून सरळ त्याच अंगाने दोरीवर ठेवतो; दोरी किंवा दांडा ओलांडावा लागत नाही. शिवाय वाकलेली तर्जनी बाणाला दांड्याशी दाबून धरते, त्यामुळे रथ किंवा घोडा हलला तरी बाण ढळत नाही. बोटांच्या ओढीत बाण डाव्या अंगास जातो आणि प्रत्येक वेळी हाताची एक फेरी वाढते. एका बाणाला हा फरक काहीच नाही. सात बाणांना तो फार मोठा आहे.

सात हा आकडा आम्ही उगाच घेतलेला नाही. कथेच्या आरंभी एकलव्य भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात सात बाण जणू एकाच वेळी सोडतो, आणि पांडव चकित होतात ते त्याच्या शब्दवेधाने व ‘लाघवा’ने, म्हणजे हस्तवेगाने. कथा वेगापासून निघते आणि वेगाच्या नाशावर थांबते. मध्यंतरी अर्जुनाची तक्रार आहे की आपल्याहून श्रेष्ठ शिष्य होणार नाही असे गुरूने वचन दिले होते. आणि शेवटी अर्जुनाचा ज्वर उतरतो. द्रोणाने एकलव्याची विद्या घेतली नाही, तिचा क्रमांक घेतला. त्याला धनुर्धर राहू दिले, पण दुसऱ्या प्रतीचा. ही गोष्ट सर्वस्व हरण करण्याहून अधिक हिशेबी आहे आणि, आमच्या मते, अधिक निष्ठुर आहे. १९६० नंतरच्या दलित साहित्याने एकलव्याचे प्रतीक वारंवार वापरले. त्यावर लिहिणारे समीक्षक ‘विद्येपासून वंचित ठेवणे’ हा अर्थ गृहीत धरून चालतात. विद्या त्याने स्वतः मिळविलीच होती. मिळविलेल्या विद्येला वरची पायरी चढू न देणे हा मूळ पाठाचा अर्थ. ज्या समाजाची समीक्षा या साहित्याला करावयाची आहे त्या समाजाला हा दुसरा अर्थच अधिक झोंबतो, असे आम्हास वाटते. भिल्ल धनुर्धर एकलव्याच्या आदरास्तव अंगठा वापरीत नाहीत, अशी एक लोकश्रुतीही सांगितली जाते. बोटांची ओढ जगभर इतक्या लोकांत आढळते की तिला अशा कारणाची गरज नाही. पण लोकांना ते कारण द्यावेसे वाटले, ही गोष्ट मात्र टिपून ठेवण्याजोगी आहे.

डाव्या हाताविषयी ग्रंथ तुलनेने अबोल आहेत. संधानाचे अधः, सम व ऊर्ध्व असे तीन भेद सांगून ते पुढे जातात. तथापि ग्रंथ जेथे बोलत नाहीत तेथे काव्ये बोलतात. रामायणात विश्वामित्राबरोबर निघालेल्या राम-लक्ष्मणांनी गोधा आणि अंगुलित्राण बांधलेले आहे. अंगुलित्राण बोटांसाठी, गोधा म्हणजे घोरपड, आणि येथे तिच्या कातड्याचे डाव्या बाहूवरील वेष्टन. अमरकोशात गोधा आणि तल हे दोन शब्द दोरीचा आघात वारणाऱ्या साधनासाठी दिले आहेत. (घोरपड म्हटले की कोल्हापूरकडील वाचकाच्या मनात घोरपडे घराणे आणि गडाच्या कड्यावर चढविलेली घोरपड उभी राहते, धनुर्धराच्या मनात तिचे कातडे येई.) विराटपर्वात अर्जुन बृहन्नडेचे सोंग घेतो तेव्हा त्याची अडचण हीच आहे की दोन्ही बाहूंवर दोरीच्या आघातांचे घट्टे आहेत, आणि ते लपविण्यासाठी त्याला वलये घालावी लागतात. दोन्ही बाहूंवर, कारण तो सव्यसाची आहे.

या घट्ट्यांवरून डाव्या हाताच्या पकडीसंबंधी काही अनुमान करता येते. जपानी धनुर्विद्येत डाव्या हाताच्या पकडीला ‘तेनोउची’ असे नाव असून तिच्यावर अतोनात भर देतात. ती पकड अशी की बाण सुटताच धनुष्य हातात फिरते आणि दोरी बाहूच्या बाहेरच्या बाजूस जाऊन थांबते. तेथे बाहूवर घट्टा पडण्याचे कारण उरत नाही. आपल्याकडे घट्टे पडत होते, गोधा बांधावी लागत होती. म्हणजे आपल्या धनुर्धरांचा डावा हात लस्तकावर घट्ट बसत होता, धनुष्य फिरू देत नव्हता, आणि दोरी व दांडा यांतील अंतरही बहुधा बेताचे होते. काव्यातील एका वर्णनावरून इतके अनुमान काढणे साहसाचे आहे खरे, परंतु रामायण आणि महाभारत दोन्ही एकच गोष्ट सुचवीत असतील तर ते अगदीच निराधार नव्हे. ग्रीक लेखक अरायन याने निअर्कसच्या आधारे तिसरीच पकड नोंदविली आहे. भारतीय पदातीचे धनुष्य पुरुषभर उंच. ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबून ओढीत. आमच्या मुष्टिविचारात पायाला जागा नाही, परंतु सैन्यात होती. रथी व पदाती यांची धनुर्विद्या एक नव्हती आणि ग्रंथ बहुतांशी पहिल्याविषयी बोलतात, ही सावधगिरी यातून घ्यावयाची.

शिल्पांचा पुरावा घ्यावा असे कोणासही सुचेल, आणि पन्हाळ्यावर तर सुचलेच पाहिजे. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात दुसऱ्या भोजाने येथे शिलाहारांची राजधानी केली आणि यादव सिंघणाने ती तेराव्या शतकाच्या आरंभी घेतली. हा काळ वीरगळांचा भरभराटीचा काळ. कोल्हापूर जिल्ह्यात वीरगळ पुष्कळ आहेत, आणि उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळातील बोरिवलीजवळील एकसरच्या वीरगळांवर घोडेस्वारांशी लढणारा धनुर्धर कोरलेला आहे. परंतु वीरगळावरील हात बोटभर लांबीचा. त्यात तर्जनी अंगठ्याच्या मध्यावर आहे की नखाजवळ, हे पाहू जाणे व्यर्थ होय. दोरी तर दगडात बहुधा कोरतच नाहीत. कोरली तर टिकत नाही.

तरी एक खूण उपयोगी पडावी असे आम्हास वाटते. बोटे दिसत नसली तरी बाण दिसतो. ज्या आकृतीची छाती प्रेक्षकाकडे आहे तिच्यात अंगठ्याची ओढ असेल तर बाण दांड्याच्या पुढून, म्हणजे प्रेक्षकाच्या बाजूने, जावयास हवा. बोटांची ओढ असेल तर मागून. आकृती उजवीकडे नेम धरीत असो वा शिल्पकाराने सोयीसाठी हात उलटे करून डावीकडे धरविलेला असो, छाती समोर आहे तोपर्यंत नियम बदलत नाही. अडचण एकच. बाण पुढून कोरणे शिल्पकाराला सोपेही असते. त्यामुळे पुढून गेलेला बाण अंगठ्याची ओढ सिद्ध करीत नाही. उलट मागून गेलेला बाण मात्र साक्षीला उभा करता येईल, कारण शिल्पकाराने तेथे सोय सोडून काही पाहिलेले असण्याचा संभव आहे. डावखुऱ्या आकृती पाहून त्यांना सव्यसाची ठरविण्याचा मोहही टाळावा; चौकटीत दोन सैन्ये समोरासमोर उभी करावयाची तर निम्मे धनुर्धर डावखुरे होणारच.

पन्हाळ्याच्या तीन दरवाजाचे बांधकाम सोळाव्या शतकातील, आदिलशाही आमदानीतले. त्या आमदानीबरोबर धनुर्विद्येची दुसरी परिभाषा मराठीत आली. कमान, तीर, तिरंदाज, चिल्ला हे शब्द सर्वांस ठाऊक आहेत. दोन शब्दांकडे मात्र या संदर्भात कोणी पाहिलेले दिसत नाही. अरबी धनुर्विद्येच्या ग्रंथांत डाव्या हाताच्या पकडीला ‘कब्जा’ म्हणतात, आणि ती सरळ असावी की तिरकी यावर तेथे मतभेदांची चर्चा आहे. फारसीत ‘शस्त’ म्हणजे अंगठा, अंगठ्यात घालावयाची धनुर्धराची अंगठी, आणि नेम. जुन्या मराठीत ‘शिस्त धरणे’ म्हणजे नेम धरणे. फारसीत शस्त म्हणजे साठही. आणि अरबी ग्रंथांत अंगठा-तर्जनीच्या कडीला बोटांवरच्या मोजणीतील त्रेसष्टाचे नाव आहे, ज्यात साठ दाखविण्यासाठी अंगठ्यावर तर्जनी वाकवितात. म्हणजे सिंहकर्णी किंवा मत्सरीचीच ही भावंडे.

आज मराठीत कबजा म्हणजे जमिनीचा ताबा आणि शिस्त म्हणजे शाळेतील वागणूक. ‘कबजा’ धनुष्यावरून जमिनीवर गेला असे म्हणता येणार नाही, कारण मूळ अर्थ केवळ ‘मुठीत घेणे’ असा आहे आणि तो दोन्हीकडे स्वतंत्रपणे लागू पडतो. ‘शिस्त’ची गोष्ट निराळी आहे. तिचा संबंध संस्कृत ‘शिष्ट’शी जोडण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु नेम धरणे, रांग धरणे, नियम धरणे हा अर्थक्रम मराठीतल्या मराठीत इतका सरळ आहे, आणि ‘धरणे’ हे क्रियापद जुन्या प्रयोगात इतके पक्के चिकटलेले आहे, की आम्ही फारसी व्युत्पत्तीच्या बाजूने झुकतो. राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला आणि फारसी शब्दांस संस्कृत पर्याय देण्यात आले. त्यात शस्त्रांसाठी एक वर्ग राखून ठेवला होता. तोवर लढाईचे मुख्य शस्त्र बदलत चालले होते. १६६० च्या वेढ्यात सिद्दी जौहरच्या मदतीस राजापूरचे इंग्रज तोफा घेऊन पन्हाळ्याखाली आले होते. धनुष्य मागे पडत असतानाही त्याचे शब्द टिकून राहिले, आणि ‘शिस्त धरणे’ बंदुकीच्या नेमालाही तसेच लागू झाले.

त्या विद्यार्थ्याला आम्ही पुढे सुताची जाड दोरी बांधलेली वेळूची काठी देऊन पाचही मुष्टी करून पाहावयास सांगितले. पताकेत त्याची दोरी निसटली, वज्रमुष्टीत अंगठ्याचे कातडे सोलले, आणि मत्सरी जमली. काकतुंडीत त्याला काठी निम्मीही वाकविता आली नाही.